अमावास्येनंतरचं तिकीट

फहाहील, कुवेत
४ ऑक्टोबर २०२०

प्रिय नीलेश,

ही मेल तू उघडशील की नाही, देव जाणे. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतोस आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसतोस. तीन वर्षं झाली. आता मोठ्या बहिणीनेच नाक मुठीत धरून यायचं, असं ठरलेलं दिसतं. तर आले.

आधी बातमी सांगते, मग मागणी. मोरेश्वरची नोकरी गेली. शुऐब्याच्या प्लँटवर सतरा वर्षं सेफ्टी ऑफिसर होता, कुणाचं बोट कापू दिलं नाही त्याने, आणि गेल्या आठवड्यात त्याचंच नाव कापलं. करोनामुळे कंत्राट संपलं, इतकंच सांगितलं. अक्षराचा आणि माझा अकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, त्याच्याच नावावर आहे. फेब्रुवारीअखेर तिघांनी गाशा गुंडाळायचा. सावंतवाडीला परत जाऊन पंचेचाळिशीच्या सेफ्टी ऑफिसरने काय करायचं? तिथे मोती तलावाभोवती रेलिंग आहे, आणखी सेफ्टी कुणाला नको.

आता मागणी. ऐक आणि हसायचं असेल तर एकदाच हसून घे. माझ्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे.

हो, तोच. ज्यावरून मी तुला नको नको ते बोलले, तोच. तुझ्यासाठी बाबांनी पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातला आपला जन्म लिस्बनला नोंदवायच्या कागदावर सही केली होती ना, त्याच नोंदीवर माझंही झालं. पेडण्याचा एक वकील पाहिला, दोन वर्षं गेली. फेब्रुवारीत पासपोर्ट हातात आला, मार्चमध्ये इथला विमानतळ बंद झाला. तेव्हा मोरेश्वरची नोकरी होती, म्हणून घाई वाटली नाही. आता वाटते. इंग्लंड युरोपातून बाहेर पडलंच आहे, फक्त या डिसेंबरअखेरपर्यंत दार किलकिलं ठेवलं आहे. एकतीस तारखेच्या आत मी तिथे येऊन राहायला लागले तर मला राहता येईल, काम करता येईल, मागाहून नवऱ्याला आणि मुलीला बोलावता येईल. एक जानेवारीला आले तर मी नुसती पाहुणी. हे तुला मी सांगायला नको. तुझ्या स्विंडनमध्ये आपल्या पेडणे-बार्देशची निम्मी माणसं याच हिशेबावर बसली आहेत.

तर तुझ्याकडे जागा आहे का? एकटीच येणार. झोपायला कोपरा चालेल.

उत्तर एका शब्दात दे, हवं तर.

वासंती


२७ ऑक्टोबर २०२०

प्रिय नीलेश,

एका शब्दात म्हटलं तर खरंच एका शब्दात दिलंस. ‘ये.’ त्याच्या खाली दुसऱ्या ओळीत, ‘खोली लहान आहे.’ तीन वर्षांनी भावाकडून चार शब्द मिळाले. मी ते मोरेश्वरला वाचून दाखवले. तो म्हणाला, ‘तुमचा सगळा घराणाच बोलका.’ बाबांची आठवण काढून म्हणाला असावा.

बाबांवरून आठवलं म्हणून लिहिते, उकरून काढायचं म्हणून नाही. तुझ्यासाठी त्यांनी सही केली त्या दिवशी मी तिथे होते, तू पणजीला वकिलाकडे थांबला होतास. सतराव्या वर्षी सत्याग्रहात गेलेला माणूस, ज्याचा डावा कान पोर्तुगीज पोलिसांच्या दांडक्याने कायमचा गेला, तो त्याच पोर्तुगालच्या कागदावर सही करत होता. ‘सही करतंय,’ म्हणाले, ‘पण तो पासपोर्ट माझ्यासमोर हाडू नको म्हणान सांग त्याका.’ नंतर ते तुझ्याशी बोलले नाहीत, आणि तू त्यांच्या मातीला आला नाहीस. माझ्या पासपोर्टच्या वेळी ते नव्हते. बरं झालं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

इथली हवा विचारू नकोस. फहाहीलमधल्या आपल्या गोव्याच्या लोकांना दुसरा विषय नाही. बाजारात मासे घेताना, दवाखान्याच्या रांगेत, अहमदीच्या चर्चबाहेर, जिथे दोन गोंयकार भेटतील तिथे ‘ब्रेक्झिटाचें कितें जालें?’ रोज नवी आवई. कुणी म्हणतं मुदत वाढणार. कुणी म्हणतं करार होणारच नाही, मग सगळ्यांना हाकलणार. कुणाचा मेहुणा लंडनच्या विमानतळावर कामाला आहे, त्याच्या नावावर काहीही खपतं. आमच्या खालच्या मजल्यावरची मंदा बोरकर नर्स आहे. तिचे कागद लिस्बनला अडकले आहेत, ती रोज सकाळी जिन्यात मला एकच प्रश्न विचारते: ‘वासंती, ते लोक खरंच असं करतील?’ जणू बोरिस का कोण तो माझ्या माहेरचा आहे.

दोन देशांचे पासपोर्ट ठेवता येत नाहीत, म्हणून भारताचा मी परत केला. वकिलातीतल्या काउंटरवरच्या मुलाने त्याचा कोपरा कापला आणि रद्दचा शिक्का मारून परत दिला. ‘आठवण म्हणून ठेवा मॅडम,’ म्हणाला. चांगला मुलगा होता. मी बाहेर गाडीत येऊन बसले आणि मला रडू आलं. मोरेश्वरने एसी वाढवला. त्याला दुसरं काही सुचत नाही अशा वेळी.

अक्षरा अकरावीत आहे, दिवसभर लॅपटॉपसमोर. ती म्हणते, ‘मम्मा, टेक्निकली यू आर द ओन्ली फॉरेनर इन धिस हाउस.’ मी म्हटलं, फॉरेनरच्या हातची आमटी गोड लागते ना, मग गिळ.

वासंती


३० नोव्हेंबर २०२०

प्रिय नीलेश,

तिकीट झालं. चौदा डिसेंबर, सोमवार. हमीदभाईंनी काढून दिलं. रत्नागिरीचे आहेत, इथे बाजारात त्यांची तिकिटांची लहानशी एजन्सी आहे. सध्या विमानं कमी, माणसं मोजून सोडतात, त्यामुळे त्यांच्याकडे आपल्या लोकांची झुंबड असते. तुझा पत्ता त्यांनीच फॉर्ममध्ये भरला आणि विचारलं, ‘भावाकडे चाललाव ना वहिनी? मग काय काळजी.’ मी हो म्हटलं. तुझ्या-माझ्यातलं त्यांना कशाला सांगू?

तू या खेपेला चक्क पंधरा ओळी लिहिल्यास. आल्यावर दहा दिवस घरात बसावं लागेल, खोलीत हीटर आहे पण खिडकी नीट लागत नाही, गोदामात रात्रपाळीला माणसं घेतात, आणि ‘बँकेत हिशेब तपासायचा तुझा अनुभव इथे कुणी विचारणार नाही, आधीच सांगून ठेवतो.’ धन्यवाद. इतकं गोड बोलणं तू कुठे शिकलास?

शेवटी बाबांच्या वेळचं लिहिलंस. तेव्हा तुझे कागद तिथल्या गृहखात्यात होते, वकिलाने सांगितलं की आता देशाबाहेर गेलास तर परत येण्याची खात्री नाही, म्हणून आला नाहीस. हे त्या वेळी फोनवर का नाही सांगितलंस? ‘सुट्टी नाही’ म्हणालास. बाप गेल्यावर सुट्टी नाही म्हणणाऱ्या माणसाला मी काय ओवाळायचं होतं? आता कारण समजलं. समजलं म्हणजे पटलं असं नव्हे. पण समजलं.

मोरेश्वर रोज माझी बॅग भरतो. मी भरलेली उपसतो आणि पुन्हा भरतो. कामावर हेच करत होता, सगळं जागच्या जागी आहे की नाही ते बघायचं, ते आता घरात करतो. कोकम, भाजणी, तुझ्यासाठी सुके बांगडे. वास येईल म्हणून तीन पिशव्यांत. परवा त्याने माझ्या जाड मोज्यांच्या जोड्या लावून ठेवल्या आणि मधेच विचारलं, ‘तिथे रात्रपाळी सुटल्यावर घरी कशी येणार तू?’ मी म्हटलं, बसने. ‘बस नसेल तर?’ मी म्हटलं, नीलेश असेल. मग त्याने मोज्यांची आणखी एक जोडी आत कोंबली.

एकवीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना सोडून राहिलो नाही. अक्षराच्या वेळच्या बाळंतपणालासुद्धा मी माहेरी गेले नव्हते, तुला आठवत असेल, आई किती रागावली होती. लोक पोटासाठी इथे येतात ते बायकोला गावी ठेवून. आमचं तसं कधी झालं नाही याचा मला थोडा माजच होता. आता तो उतरतोय.

चौदाला संध्याकाळी पोचते. स्टेशनवर यायला विसरू नकोस.

वासंती


१२ डिसेंबर २०२०

प्रिय नीलेश,

रागावू नकोस. तारीख बदलली आहे. आता बावीस डिसेंबर, मंगळवार.

झालं असं, की चौदाला सोमवती अमावास्या आहे. आपण कॅलेंडरमध्ये विमान बघितलं, तिथी कुणी बघितली नाही. परवा सासूबाईंचा फोन आला. मोरेश्वरच्या तोंडून तारीख ऐकली मात्र, पलीकडून एकदम सावंतवाडी उसळली. ‘सोमवती अवसेक कोण घरातसून भायर पडता गो? आणि वर गिराण! जीव जड झालो काय तुका?’ मी म्हटलं, आई, ग्रहण आपल्याकडे दिसणारसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, ‘दिसना नाय म्हणान लागना नाय काय?’ आपल्या आईनेही हेच म्हटलं असतं. अमावास्येला आपल्या घरून कुणी परीक्षेलाही परगावी गेलं नाही. बाबा एवढे सत्याग्रही, पण तेही त्या दिवशी एसटीत बसत नसत.

हमीदभाईंचा चेहरा पडला. ‘वहिनी, तारीख नका बदलू,’ म्हणाले. ‘आज उघडं हाय ते उद्या असंल असा भरवसा नाय.’ पण मधल्या दिवसांत जागा नव्हती. नंतरची पहिली बावीसची मिळाली. एकतीसला अजून खूप अवकाश आहे. नाताळ तुझ्याकडे करू. तू करतोस का रे नाताळ? पोर्तुगीज झाल्यावर करावा लागत असेल.

रजा वाया गेली असेल तर माफ कर.

वासंती


२१ डिसेंबर २०२०

नीलेश,

तू एव्हाना बातमी बघितली असशील. तिकडे विषाणूची काहीतरी नवी जात निघाली म्हणून काल इंग्लंडची विमानं बंद केली. आम्ही म्हटलं, ठीक, दुसऱ्या देशावरून फिरून जाऊ. हमीदभाई सकाळपासून त्याच उद्योगात होते. दुपारी जाहीर झालं की आज रात्रीपासून सगळाच विमानतळ बंद. जमिनीवरच्या सीमा बंद, बंदरं बंद. एक जानेवारीपर्यंत.

एक जानेवारी. त्यांनी काही माझी पत्रिका बघून तारीख काढलेली नाही, हे मला कळतं.

आज रात्रीच्या आत निघणारं काहीही मिळेना. मोरेश्वर विमानतळावर जाऊन आला, तिथे आत सोडत नव्हते. हमीदभाईंच्या दुकानात मंदाचा नवरा रूपेश होता, त्याचेही कागद नुकतेच झाले होते. तो हमीदभाईंवर ओरडला, मग त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला. हमीदभाई मला काहीच बोलले नाहीत. ‘सांगितलं होतं’ असं म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

बॅग दाराशीच आहे. बांगड्यांचा वास यायला लागलाय.

फोन करते आहे, उचल.

वासंती


२ जानेवारी २०२१

प्रिय नीलेश,

त्या दिवशी तू फोन उचललास. तुझ्या मागे किटली शिटी मारत होती, ती तू बंदही केली नाहीस. मग म्हणालास, ‘ताई, मी स्टेशनवर येणारच होतो.’ एवढंच. तुझा आवाज बाबांसारखा झालाय, तुला कुणी सांगितलं का?

चोवीस तारखेला त्यांचा करार झाला म्हणे. इतके दिवस मासळीवरून अडलं होतं. मासळीवरून शेवटपर्यंत भांडणारी माणसं आपलीच की रे, मग आपल्यालाच का बाहेर ठेवलं? मंदाने विचारलं, करार झाला म्हणजे आता आपलं होईल ना? मी तिला सांगितलं की तो करार मालाचा आणि माशांचा आहे, आपला त्यात उल्लेख नाही. ती जिन्यातच बसली. तुम्ही लोक आधी पोचलात, सुटलात. इथे कितीजण हातात लाल पासपोर्ट घेऊन बसलेत ते तुला फोटो काढून दाखवायला हवं. आज विमानतळ उघडला. आज मी येऊ शकते. पाहुणी म्हणून, परतीचं तिकीट दाखवून.

आता तुला एक सांगायचं आहे, आणि हे मी मोरेश्वरसमोर बसून लिहिते आहे. तुला मी लिहिलं होतं की मधल्या दिवसांत जागा नव्हती. होती. सोळा तारखेची होती. हमीदभाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवली. मोरेश्वर म्हणाला, ‘बावीसची बघा.’ हमीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. अमावास्या चौदाला संपत होती, सोळाला अडचण काय, असं मी विचारायला हवं होतं. मी खाली बघून पर्सची चेन लावली.

सासूबाईंचं नाव आम्ही पुढे केलं. त्यांनी फक्त चौदा तारीख नाकारली होती. बाकीचे दिवस आम्ही दोघांनी चोरले.

त्या दिवसांत आम्ही काही विशेष केलं नाही. त्याने पापलेटं आणली, मी तळली. संध्याकाळी समुद्रावर चालत जायचो. इथे डिसेंबरात हवा फार छान असते. अक्षरासुद्धा फोन घरी ठेवून आली एकदा. तो एकदा म्हणाला, ‘तू गेल्यावर मी ही भांडी कशी लावू? तुझ्यासारखी की माझ्यासारखी?’ आणि आम्ही दोघं हसलो, आणि मग हसू थांबेना आणि कधी रडू झालं कळलं नाही. एवढंच. त्याची किंमत केवढी झाली ते आज कळतं. अक्षराचं तिथलं कॉलेज गेलं, त्याला तिथे मिळालं असतं ते काम गेलं, माझा देश तर आधीच गेला होता. तरी मला पश्चात्ताप होतो का, विचारशील तर खरं सांगते, मला भीती वाटते. पश्चात्ताप अजून येत नाही. येईल कदाचित.

तू खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाक. खिडकी मात्र आधी नीट कर, जो येईल तो माणूसच असेल.

आता पुढचं. फेब्रुवारीअखेर आम्हाला निघायचंय. मोरेश्वर आणि अक्षरा भारतीय, साधं तिकीट काढून सावंतवाडीला जातील. मला व्हिसा लागेल. तुला माहीत आहे, पण मी आत्तापर्यंत तो शब्द स्वतःसाठी मोठ्याने उच्चारला नव्हता. पेडण्यात जन्मले, सावंतवाडीला दिली, मधे तेरेखोल नदी आणि थोडा रस्ता. माहेर-सासरच्या त्या रस्त्यावर जायला मला परवानगी लागेल. मूळच्या भारतीयांना कायमचं कार्ड मिळतं म्हणतात, पण सध्या सगळं रखडलंय, तोवर व्हिसाच.

सकाळी तिघं जेवणाच्या टेबलाशी अर्ज भरायला बसलो. अक्षरा लॅपटॉपवर टाइप करत होती, आम्ही सांगत होतो. नाव. जन्मगाव. आधीचं राष्ट्रीयत्व. इथपर्यंत ठीक चाललं. मग तिने वाचलं, ‘पर्पज ऑफ व्हिजिट?’ आणि आमच्याकडे बघितलं. मोरेश्वर चष्मा पुसत होता, त्याने मान वर केली नाही.

‘घोवाकडे नांदाक येता म्हणान लिव,’ तो म्हणाला.

अक्षराला घोव म्हणजे नवरा हे ठाऊक आहे, नांदणं म्हणजे काय ते माहीत नाही. तिने विचारलं. आम्ही दोघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली आणि एकदमच थांबलो. तिने यादी वरपासून खालपर्यंत बघितली, पर्यटन, व्यापार, उपचार, परिषद. शेवटी ‘नातेवाइकांची भेट’ निवडलं, कारण तेच त्यातल्या त्यात जवळचं होतं.

मग पुढचा प्रश्न आला, किती दिवस राहणार. तिची बोटं कीबोर्डवर थांबली. ती चौकट अजून रिकामी आहे. त्या चौकटीत काहीतरी लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

तुझी,
वासंती